मिरचीचा वाफा

शेताच्या वाटणीचा विषय निघाल्यापासून दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मिरचीच्या रोपांचा वाफा तेवढा अजून सामाईक होता, आणि ऐन उन्हाळ्यात तीच रोपं पिवळी पडत चालली होती.

"आई, तुझ्या लाडक्याला सांग, झारी उचलून हात झिजत नाहीत. रोज पहाटे मी एकटाच पाणी घालतोय," थोरला धुसफुसायचा.

अंधार पडला की धाकटा हातपाय धुऊन आईजवळ बसायचा. "दादा वाफ्याकडे ढुंकून बघत नाही. मी घालतो म्हणून तग धरलाय रोपांनी. उद्यापासून दोन झाऱ्या जास्तच घालतो."

दोघांतला एक जण धडधडीत खोटं बोलतोय, हे आईला कळत होतं. कोण, ते मात्र तिला जाणून घ्यायचं नव्हतं. आधीच घर धुमसत होतं, म्हणून एकाचं बोलणं तिने दुसऱ्याच्या कानावर कधी घातलं नाही.

लावणीच्या दिवशी सगळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. आईने एक उपटून पाहिलं. चिखलातून पाण्याने कुजलेलं, काळं पडलेलं मूळ हातात आलं.

 

दोघांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.