आधी तुम्ही खा

नंदकिशोरची बायको गेल्याचं मुलुंडच्या मानसोपचार दवाखान्यात कळलं ते तिच्या दर महिन्याच्या इंजेक्शनच्या दिवशी, कारण तो एकटाच आला. “काका, जयंतीताईंना कुठे विसरलात?” सिस्टरने चेष्टेत विचारलं. “हार्टने गेली,” म्हणत त्याने तिचं कार्ड पुढे केलं. आठ वर्षांत एकही सुई चुकली नव्हती. त्याआधी ती “वरणात काहीतरी घातलंय, आधी तुम्ही खा,” म्हणायची आणि उपाशी उठायची. तिसऱ्या सुईनंतर तिने आपणहून पान वाढून घेतलं. एवढ्याशा सुईत अख्ख्या महिन्याची जयंती कशी मावते, याचं त्याला अजूनही नवल वाटे. डॉक्टरांनी बजावलं होतं, या सुईने वजन वाढेल, हार्टला जपा. “वाढू दे हो, घास गोड लागतो ना!” ती हसली होती. सुयांच्या पूर्वी वरणात तिच्या औषधाच्या गोळ्या कुटून तोच घालायचा. तिचा संशय खरा होता, हे तिला सांगायचं राहिलं.