सुधीरचं ताट

"ह्यात मीठ कुठाय?" सुंदराबाईंनी मटकीची उसळ चाखून वाटी ओट्यावर आपटली.

"कमीच घातलंय. सुधीरच्या प्लॅनमध्ये तसंच आहे," राजश्री चपला घालत म्हणाली.

"आन एवढी मऊ? माज्या पोराला बत्तीस दात हाईत."

"पचायला हलकी पडते, आई. ताट झाकून ठेवलंय. दुपारी त्याला तेवढंच द्या, वर काही नको."

दार ओढून सून वाशीला ऑफिसला गेली. सुंदराबाईंनी बंद दाराला दोन शिव्या दिल्या.

खारघरच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला माणसं तीनच, पण हुकूम चौथीचा चालायचा. ती चौथी म्हणजे वाशीची आहारतज्ज्ञ, संघमित्रा नावाची. सुंदराबाईंनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. राजश्री तिच्याकडे जाऊन आली आणि घरात घासन्‌घास मोजून शिजायला लागला. पोटाची चरबी उतरवायची, अंगात स्नायू भरायचे, आणि प्रत्येक माणसाचा आहार म्हणे वेगळा.

खाण्यावर सल्ला देणाऱ्यांचा सुंदराबाईंना पहिल्यापासून तिटकारा. दिवाळीत गुडघे दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरही जेवणावर घसरला होता. त्याला त्यांनी तिथल्या तिथे झापलं होतं. त्यांचे मालक एपीएमसी मार्केटात माथाडी होते. भाकरी-ठेच्यावर जन्मभर त्यांनी कांद्याच्या गोणी वाहिल्या. त्यांना कुणी काट्यावर तोलून जेवण वाढलं नव्हतं.

"ताकद पायजे म्हनती आन ताटात अंडं न्हाई, मटन न्हाई," त्या सुधीरला ऐकवायच्या. गळ्यात माळ असली तरी पोराच्या खाण्याच्या आड त्या कधी आल्या नव्हत्या. "पनीर आन उसळ खाऊन कोन पैलवान झालाय?"

सुधीर लॅपटॉपमधून मान वर काढायचा नाही. दोन बायकांच्या भांडणात गप्प बसणारा टिकतो, एवढं तो लग्नानंतर लवकर शिकला होता.

शेवटी पैज लागली. महिनाअखेर सुधीरच्या ऑफिसात आरोग्य तपासणी होती.

"वजन उतरलं न्हाई, तर सैपाकघर माजं. तू त्यात पाय ठेवायचा न्हाई," सुंदराबाई म्हणाल्या.

"आणि उतरलं तर तुम्ही ठेवायचा नाही," राजश्री म्हणाली.

ओटा हातचा गेला की ह्या घरात आपण पाहुण्या, हे सुंदराबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून शब्द गेला होता.

मग त्यांनी सरळ वाकडा मार्ग धरला. सून गेली की बटाट्याची भाजी टाकायच्या, पोळ्या तुपात बुडवायच्या, शिरा हलवायच्या. घरून काम करणारा सुधीर दुपारी मिटक्या मारत जेवायचा. झाकलेलं ताट तसंच उरायचं.

ते टाकायचं कुठे? बाजारात सांडलेले दाणे वेचून आणणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी संसार केला होता. केराच्या डब्यात अन्न घालायला त्यांचा हात धजेना. म्हणून ते ताट त्या स्वतःच संपवायच्या, घासाघासाला सुनेचा उद्धार करत. मटकी, पनीर, मुगाची धिरडी, वाटीभर दही. एवढं खाल्ल्यावर शिऱ्याला पोटात जागाच उरायची नाही.

सुनेला संशय आला असावा. एक दिवस तुपाची बरणी ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कुकरच्या मागे सापडली. सुंदराबाईंनी ती वर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली, सोबतीला साखर आणि रवा.

"म्हातारीला मुद्दाम वाकवती," त्या सुधीरकडे कुरकुरल्या.

पण माघार घेतली तर त्या सुंदराबाई कसल्या. तुपासाठी खाली बसायचं, उठायचं, साखरेसाठी पुन्हा बसायचं. सुरुवातीला ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, विठ्ठलाला हाका मारत त्या उठायच्या. मग एका हातावर भागायला लागलं. पोलकीही ढिली झाली, तर सुनेच्या वॉशिंग मशीनमध्ये कापड ताणतं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी सुधीर घरी आला तेव्हा त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. राजश्री स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"वाढलंय," तो आईची नजर चुकवत म्हणाला. "चांगलंच वाढलंय."

सुंदराबाई मेथीची परात दोन्ही हातांत घेऊन ताडकन उठल्या आणि सुनेसमोर जाऊन ठाकल्या.

"कुटं गेली तुजी ती संगमित्रा? हो बाजूला. सैपाकघर माजं."

राजश्री त्यांच्याकडे पायापासून वरपर्यंत बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सुंदराबाईंना फार गार वाटलं.

"स्वयंपाकघर तुमचंच," ती म्हणाली. "फक्त सुधीरचं ताट आणखी एक महिना मला करू द्या."

"कर की. पुना तोंडावर पडशील."

"पडेन."

सुंदराबाई विजयी मुद्रेने मेथी धुवायला गेल्या. राजश्री गॅलरीत आली, काचेचं दार लावून घेतलं आणि फोन लावला.

"संघमित्रा मॅडम, आई आज भरली परात घेऊन, कशालाही न धरता उठल्या. हो, ताट रोज त्याच संपवतात. आता पुढच्या महिन्याचं सांगा, नाव सुधीरचंच सांगेन. आणि तुपाची बरणी आता कुठे लपवू?"