सरळ रेघ

नानांच्या कृत्रिम हृदयाच्या ठोक्यांचा आकडा चाळीस मिनिटं बहात्तरवरून हललाच नव्हता. भिंतीएवढ्या पडद्यावर शहरातल्या हजारो हृदयांच्या हिरव्या रेघा धावत होत्या, पण हेमांगीची नजर वडिलांच्या रेघेवर खिळली. जिवंत माणसाची रेघ इतकी सरळ नसते.

नोंद आली नाही तर शेवटचा आकडाच दाखवत राहायचा, हा नियम तिनंच महिन्यापूर्वी घातला होता. अंघोळीसाठी कुणी हृदयाच्या नोंदी पाठवणारा मनगटावरचा पट्टा काढला की नोंदी तुटायच्या, भोंगा बोंबलायचा, सगळे वैतागायचे. नियम आला, खोली शांत झाली. साहेबांनी पेढेसुद्धा वाटले.

तिनं फोन लावला. सहाव्या रिंगला नाना खेकसले, "अगं, तेल लावून उन्हात बसलोय! पट्टा काढलाय."

"आधी तो चढवा, नाना."

तिनं डोळे पुसले आणि नियम काढून टाकला. भोंगा बोंबलू लागला. सतरा रेघा लाल झाल्या, प्रत्येकीपुढे नोंद तुटल्याची वेळ उमटली.

सर्वांत वरची मंगळवारची होती. आज शनिवार. इतकी लांब अंघोळ कुणाचीच नसते.