खरे हिरो

आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या स्टॉक कार रेसला गुरुनाथ नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन गेला. सोबत ऑफिसमधला शॉन होता. त्याला गुरुनाथ रंगात येऊन सांगत होता, "अमेरिकेत हा खेळ सुरू झाला तो चोरटी दारू पळवणाऱ्या गाड्यांमुळे. शेडमध्ये बसून त्या गाड्या वाऱ्यासारख्या करणारे मेकॅनिक, खरे हिरो ते!"

शॉनने कौतुकाने बाबांना विचारलं, "आणि तुम्ही काय काम करायचात?"

चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रक दुरुस्त केलेले बाबा तोंड उघडणार, तोच गुरुनाथ म्हणाला, "बिझनेस होता त्यांचा."

परतताना गुरुनाथला बाबांकडे बघवेना. शेवटी बाबाच हळूच म्हणाले,

"बरं झालं बेटा, तू बोलला. मी आपला खरंच सांगून बसलो असतो."