वीसपर्यंत

फुलाबाईंच्या पुढच्या माणसाने नवव्या आकड्यालाच किंचाळत हात उचलला. मतदान यंत्राच्या तापलेल्या पट्टीवर त्याच्या तळव्याची कातडी चिकटून राहिली. शिपायाने ती खरवडून काढली. मतदान अधिकारी कोरगावकरांनी शिक्का मारला : मत बाद.

भिंतीवर सरकारी फलक होता : ‘मताची किंमत ज्याला कळते, तो वीसपर्यंत सोसतो.’

फुलाबाईंनी हात ठेवला. कोरगावकरांनी वीस मोजले, तरी बाईंनी हूं की चूं केलं नाही. कोरगावकरांनी बाईंचा तळवा उलटून पाहिला.

“काय लावलंय हाताला?”

“काही नाही, साहेब. तीस वर्षं खानावळीत भाकऱ्या भाजतेय.”

यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली : वेदना शून्य. मत बाद.

“घरी जा, बाई,” कोरगावकर हळूच म्हणाले. “दुखल्याशिवाय हे यंत्र मत घेत नाही.”

फुलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला, त्या वाकल्या आणि त्यांनी गाल पट्टीवर टेकवला. चर्रर्र आवाज झाला. रांगेतलं कुणीतरी ओकलं.

कोरगावकर घाईघाईने मोजू लागले, “एक, दोन, पाच, आठ...”

“नीट मोजा, साहेब,” दातांवर दात दाबून फुलाबाई म्हणाल्या. “पहिल्यापासून मोजा. मत बाद होईल माझं.”