उशिरा हसणारी

"लागलं का गं तुझ्याकडे?" मावशीने फोनला विचारलं. फोन तिने फुलदाणीला टेकवून उभा केला होता.

"लागलं! मावशी, लागलं!" भाची तिकडून ओरडली. तिच्याकडे अजून सकाळ होती, केसही विंचरायचे राहिले होते. "इतकी वर्षं 'तुमच्या देशात हा कार्यक्रम उपलब्ध नाही' एवढंच वाचत आले. आज नाव दिसतंय बघ, नाव!"

मालिका जुनी होती, एका लॉजमधली. समोर खरे प्रेक्षक बसवून केलेली. मावशीची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, तिथे नटांचे कपडे सांभाळायची. सेटच्या बाजूच्या पडद्यामागे सुईदोरा घेऊन उभी राहायची आणि हसायची. सगळे हसून गप्प झाले की मग हिचं सुरू. आधी किटलीसारखी बारीक शिट्टी, आणि मग फुटलंच. दिग्दर्शकाने आधी डोळे वटारले, मग हात टेकले. देशोदेशी पांगलेल्या चाहत्यांनी तिला कधी न बघताच तिचं नाव पाडलं होतं, 'उशिरा हसणारी'. मालिका सगळ्या जगाला दाखवा म्हणून ते कंपनीच्या हात धुऊन मागे लागले होते, आणि त्यांच्यात सगळ्यात चिवट होती ही भाची. ती रांगायलाही लागली नव्हती तेव्हा तिची आई गेली. फोटो होते, ढीगभर होते. पण फोटो कितीही हसरा असला तरी त्याला आवाज नसतो.

"आई कुठे हसते ते आधी सांगू नकोस हं, मावशी. माझं मला ओळखू दे."

"ओळखशील गं. बहिऱ्यालासुद्धा ओळखू येईल. म्हणून तर तुझ्या काकांना शेजारी बसवलंय."

"ऐकलं मी ते," काका म्हणाले आणि त्यांनी रिमोट उचलला.

दोघींनी एकदमच सुरू केलं. सुरुवातीची धून वाजली. मावशीचा पाय आपोआप ताल धरायला लागला. लॉजचं दार उघडून मॅनेजर आत आला. तो आला की टाळ्या पडायच्या. आज बिजागरी तेवढी करकरली.

"अहो, आवाज वाढवा."

"वाढवलाय."

"मग?"

"मला सगळं ऐकू येतंय," काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

मॅनेजर जिन्यावरून घसरला आणि पायरी पायरी आपटत खाली आला. या जागी लोक खुर्च्या बडवायचे. आता नुसते हाडांचे आवाज आले. मावशीला पहिल्यांदाच वाटलं, लागलं असेल बिचाऱ्याला.

"मावशी," फोनमधून हळूच आवाज आला, "लोक कुठे गेले गं?"

 मावशीने उठून टीव्हीला मागून पाहिलं, वायर हलवून पाहिली. काकांनी रिमोट मांडीवर आपटला. एक पाहुणा आला, एक बाई चिडली, कुणीतरी कपाटात लपलं. प्रत्येकजण बोलायचा, मग उगाच गप्प उभा राहायचा, मग दुसरा बोलायचा. भल्या माणसांना एकाएकी बोलायचं काही सुचू नये, तसे.

भाचीने तिकडे काहीतरी उघडून वाचायला घेतलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"चाहते भडकलेत सगळे. कंपनीने लिहिलंय... पार्श्वभूमीचं हसणं आताच्या प्रेक्षकांना जुनाट वाटतं. म्हणून जगभरच्या नव्या प्रेक्षकांसाठी आवाज स्वच्छ केलाय."

"स्वच्छ?" मावशी म्हणाली. "का? घाण होती?"

"मावशी, अगं, मीच मागे लागले होते ना त्यांच्या."

काकांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला. मावशीने तो धरला.

"राहू द्या. उंदराचं आता येईल."

काकांनी हात मागे घेतला. फोनमध्ये भाचीचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

पाहुणा तणतणत काउंटरपाशी आला. "माझ्या खोलीत उंदीर आहेत!"

मॅनेजरने किल्ल्या खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे मायेने पाहिलं. "मग? एकट्याला करमलं असतं का तुम्हाला?"

कुणी हसलं नाही. टीव्हीत नाही, खोलीत नाही, फोनमध्ये नाही. पाहुणा तोंड उघडं टाकून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने तोंड मिटलं, पुढचं वाक्य बोलायला श्वास घेतला, तेवढ्यात मॅनेजरने त्याच्या बाहीला हलकेच हात लावला. नजर मात्र त्याने बाजूच्या पडद्याकडे वळवली होती. गाल आतून चावत, ओठ घट्ट दाबून तो पडद्याकडे बघत राहिला.

"तो का थांबलाय, मावशी?"

मावशी पुढे सरकून बसली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"थांब गं. तिचं अजून हसून व्हायचंय."