डावी बाजू

निर्मातीने पेनल्टीचा तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. कंट्रोल रूममधल्या सगळ्या पडद्यांवर बचावपटूचा पाय परत सावकाश पुढे सरकला, स्ट्रायकर परत हात पसरून कोसळला आणि पंचाने परत शिट्टी तोंडाला लावली. पाय लागला होता की नाही, हे तिला आता सांगता आलं नसतं. पाहून पाहून असं झालं होतं की एकदा लागल्यासारखा वाटे, एकदा नाही.

काचेपलीकडे स्टुडिओत मात्र कुणालाच शंका नव्हती. घरचा संघ शेवटच्या क्षणी त्या पेनल्टीवर हरला होता, आणि सामना संपल्यापासून टेबलाभोवती दुसरा विषय नव्हता. एकेकाळचा गाजलेला स्ट्रायकर, ज्याला सगळे फटाका म्हणत, पंचाची सालटी काढत होता. याला मैदानात सोडलाच कुणी? हा माणूस लोकांना तोंड दाखवणार तरी कसा? निवेदक त्याला वारा घालत होता. कडेच्या खुर्चीत एक म्हातारे प्रशिक्षक बसले होते, मास्तर. त्यांना पंचाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हापासून कॅमेरा त्यांच्याकडे वळलाच नव्हता.

चॅनेलच्या साहेबांचा निरोप आला. प्रेक्षक वाढतायत, पंचाला सोडू नका.

पाठोपाठ टेबलावरचा फोन वाजला. स्टेडियमचा सुरक्षाप्रमुख होता. पंच आणि त्याचे दोन सहकारी बसलेली गाडी मागच्या फाटकाबाहेर अडकली आहे, तो म्हणाला. तिथल्या चौकात तिकीट न मिळालेल्यांसाठी मोठा पडदा लावलाय, त्यावर तुमचंच चॅनेल चालू आहे. पोलीस निघालेत, पण रस्ते तुंबलेत.

"पडदा बंद करा ना."

"केला होता, मॅडम. बाटल्या यायला लागल्या, परत लावावा लागला. तुमचा तो माणूस एक वाक्य बोलतो आणि इथं लोक गाडी हलवायला लागतात. त्याला दुसरं काहीतरी बोलायला लावा. काहीही."

त्याच्या आवाजामागून तिला फटाक्याचा आवाज ऐकू आला. स्टुडिओत मघाशीच बोलून झालेलं वाक्य चौकात आत्ता पोचत होतं. मग लोकांचा आरडाओरडा.

तिने बटण दाबून निवेदकाच्या कानात विषय बदलायला सांगितलं. साहेबांचा निरोप त्यालाही मिळाला होता. त्याने काचेकडे एकदा पाहिलं आणि पंचाला शिक्षा काय व्हावी, असं फटाक्याला विचारलं.

चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र आलं. गाडी माणसांत बुडाली होती. एक जण टपावर चढला होता. मागच्या काचेआड कुणीतरी डोकं गुडघ्यांत घालून बसलं होतं. हे दाखवायचं का, असं शेजारच्या तंत्रज्ञाने विचारलं. तिने मान हलवली. नाही.

तिने दुसरं बटण दाबलं. "सर, तुम्ही बोला. आपण हरलो कसे ते सांगा."

मास्तर दचकले. त्यांचा हात कानाकडे गेला. "आत्ता?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"आत्ता. आणि थांबू नका."

ते उठले, फळ्यापाशी गेले. आपली डावी बाजू बघा, म्हणाले. डावीकडचा बचावपटू, आपला लेफ्ट बॅक, पुढे जातो तो परत येतच नाही, मग ही एवढी जागा मोकळी पडते. मास्तरांना वक्तृत्व नव्हतं. ते अडखळत होते, रेघा पुसून परत काढत होते. फटाका मध्येच उसळला, मास्तर, पंचाचं बोला. निर्मातीने त्याचा माईक बंद केला. त्याचे ओठ हलत राहिले. कळलं तेव्हा त्याने टेबलावर मूठ आपटली, तीही कुणाला ऐकू गेली नाही.

तिच्या मोबाइलवर साहेबांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. शाळा भरवलीय का, एवढंच विचारलं. तिने गाडीचं सांगितलं.

"त्या गाडीचं चित्र आहे आपल्याकडे?"

चित्र तिच्या समोरच होतं. "नाही," ती म्हणाली.

आजचा कार्यक्रम संपला की माझ्याकडे ये, म्हणाले, उद्यापासून तिथे दुसरं कुणी बसेल. फोन बंद झाला. तंत्रज्ञ उगीचच कळा चाचपत राहिला.

मास्तर दुसऱ्या हाफवर आले होते. चौकात कुणाला उपरती वगैरे झाली नाही. काही जण कंटाळले आणि चालायला लागले. टपावरचा तिथेच मांडी घालून पडद्याकडे बघू लागला. गाडीला धक्के देणाऱ्यांपैकी दोघांची आपसांत जुंपली. त्यातला एक तावातावाने बोनेटवरच्या धुळीत बोटाने रेघा ओढून दाखवत होता, आणि चार डोकी त्यावर वाकली होती. तेवढ्यात पोलीस पोचले. टपावरच्याला खाली उतरवलं. गाडी मुंगीच्या पावलाने हलली, गर्दी दोन्ही अंगांना सरली, आणि गाडी चित्रातून बाहेर गेली.

टेबलावर सुरक्षाप्रमुखाचा फोन चालूच होता. तिने तो कानाला लावला.

"गेली गाडी, मॅडम."

त्याने फोन ठेवला नाही. मग खाकरला.

"एक सांगू? मास्तरांना म्हणावं, लेफ्ट बॅकची चूक नव्हती. तो पुढे गेला ते बरोबरच होतं. मागे कुणी उभं राहिलं नाही त्याच्या."